गोलातून गेलेली रेघ

लोहाऱ्याहून आलेली जीप फाट्यावर थांबली, तशा धुरपदाबाई पिशवी काखोटीला मारून उतरल्या. बेंबळीपासून दोन गाड्या बदलल्या होत्या, आणि ह्या शेवटच्या गाडीवाल्यानं तर हात दाखवील त्याला आत कोंबलं होतं. पण अडुसष्ट वर्षांच्या बाईचे गुडघे माहेरच्या वाटेवर कुरकुरत नसतात. त्यांनी पदर सारखा केला आणि सवयीनं आधी डावीकडं पाहिलं, बिराजदारांच्या माळाकडं.

दोन एकरांचा माळ, त्यावर फुटबॉलचं मैदान. दोन टोकांना पांढरे रंगवलेले गोलाचे खांब, मागं जाळी, कडेनं फक्कीच्या रेघा. खेळातलं सगळं धुरपदाबाईंना कळत नसे, पण कुठली रेघ कशासाठी हे त्यांच्या भाचीनं, राजेश्वरीनं, एकदा हाताला धरून फिरवून दाखवलं होतं. त्यामुळं आज एक रेघ जास्तीची आहे हे लगेच ध्यानात आलं. ती रस्त्यापासून निघून अलीकडच्या गोलात बरोबर मधून शिरली होती आणि मैदान उभं चिरत पलीकडच्या गोलातून थेट ओढ्यापर्यंत गेली होती. दोन्ही गोलांत मधोमध एकेक हद्दीचा दगड रोवला होता.

एक खांब अण्णाचा, एक खांब उमाचा, धुरपदाबाई मनाशी म्हणाल्या. वा रे वाटणी!

वाटणीसाठीच तर त्यांना बोलावणं आलं होतं. धाकटा भाऊ बळीराम गेला, तरी थोरल्या ज्ञानोबांनी, म्हणजे अण्णांनी, घर एकत्र ठेवलं होतं. आता ज्ञानोबांचा मुलगा शंभू रस्त्याकडेला धाबा टाकायचा म्हणून मागं लागला, तेव्हा जमिनीचे दोन वाटे करायचे ठरलं. एक ज्ञानोबांचा, एक बळीरामाच्या बायकोचा, म्हणजे राजेश्वरीच्या आईचा, उमाबाईचा. आज मोजणीवाला येणार होता, आणि धुरपदाबाईंनी हक्क सोडल्याची सही करायची होती. बहिणीनं सही करायची, भावानं साडी नेसवायची आणि जन्मभर माहेरचं दार उघडं राहायचं, अशी ह्या मुलखातली रीत. धुरपदाबाईंनाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

"ये, धुरपे," ओसरीवरून ज्ञानोबा म्हणाले. "लई ऊन लागलं का वाटंनं?"

"उनाचं ऱ्हाऊ द्या, अण्णा. माळावर ती रेघ कुणी मारली?"

"म्या मारली. दोरी धरून, माझ्या हातानं." ज्ञानोबा खुशीत आले. "काळी निम्मी, माळ निम्मा. हिरीचं पाणी एक दिवस आमचं, एक दिवस उमाचं. रस्त्याला दोघांचं तोंड बराबर. कुणाला नाव ठिवायला जागा ठिवली न्हाय."

हे खरंच होतं. ज्ञानोबा नुसते प्रामाणिक नव्हते, प्रामाणिकपणाचा त्यांना छंद होता. लहानपणी बोरं वाटताना एखादं उरलं तर ते दातानं तोडून दोन करायचे आणि बी कुणाला द्यायची म्हणून घोर लावून घ्यायचे. त्याच न्यायानं त्यांनी मैदान दोन केलं होतं. दोन निम्म्या मैदानांचं मिळून एक मैदान होत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मंग पोरींनी खेळायचं कुठं?"

"आपापल्या निम्म्यात खेळत्याल की!"

धुरपदाबाईंनी कपाळावर हात मारला आणि पाय धुवायला गेल्या.

आत पुरणाचा वास सुटला होता. ज्ञानोबांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, नणंदेच्या मानाचा स्वयंपाक काढला होता, आणि उमाबाई पोळ्या लाटत होती. धुरपदाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"उमे, माळ अख्खा मागून घे गं. त्याच्या बदल्यात काळीतलं थोडं सोड."

"न्हाय, वन्सं." उमाबाईचं लाटणं थांबलं नाही. "काळीत सोयाबीन अन् तूर होती म्हून ते गेल्यावर माझी चूल पेटली. राजीची नोकरी आज हिथं हाय, उद्या बदली झाली तर म्या काय गोल खाऊ? हैद्राबादची एवढी मोठी जागा सोडून आली ती ह्याच माळापायी. पोरीचं मला लई कौतुक हाय, पर काळीतला एक गुंठा सोडणार न्हाय."

धुरपदाबाईंना राग आला. पण विधवेनं काळी जमीन धरून ठेवावी ह्यात चूक ती कसली काढणार? त्या स्वतःही विधवाच होत्या.

तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली. राजेश्वरी आली. छत्तीस वर्षांची, उंच, उन्हानं रापलेली, डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा धुरपदाबाईंनी तिचा हात धरून ठेवला. दोन बोटं कायमची वाकडी झालेला तो हात त्यांना फार आवडायचा.

ह्या पोरीचं सगळं त्या माळावरच सुरू झालं होतं. ज्वारी निघाली की तिथं कडब्याची गंज रचायची. बळीराम खालून पेंढ्या फेकायचा आणि गंजीवर उभी राहून राजी त्या झेलायची. बळीराम मुद्दाम वाकड्या फेकायचा, एक डोक्यावरून, एक पायाशी, एक पार कडेला. पोरीनं एक म्हणून खाली पडू दिली नाही. शाळेत पोरांच्या संघाला गोलात उभं राहायला कुणी मिळेना, तेव्हा गुरुजींनी हसतहसत तिला उभं केलं, आणि मग त्या जागेवरून तिला कुणी हलवू शकलं नाही. जिल्हा झाला, विभाग झाला, महाराष्ट्राचा संघ झाला. सहा वर्षं ती महाराष्ट्राकडून खेळली, त्यातली दोन कर्णधार म्हणून. मणिपूरला एका सामन्यात तिनं तीन पेनल्टी अडवल्या, तेव्हा बळीरामानं गावात पेढे वाटले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला पेनल्टी म्हणजे काय ते चुकीचं समजावून सांगितलं. मग भारताच्या शिबिरासाठी बोलावणं आलं, आणि तिथं खांदा निखळला.

ती रडली नाही असं नाही. बेंबळीला येऊन आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि पुस्तकं घेऊन परभणीला गेली. उभी तूर का वाळते, त्या मर रोगाचा अभ्यास करून पीएचडी झाली. घरात पहिली डॉक्टर झाली ती तुरीची झाली, असं बळीराम जत्रेत भेटलेल्या माणसालासुद्धा सांगायचा. पुढं हैद्राबादची जागा सोडून ती तुळजापूरकडच्या संशोधन केंद्रावर आली, का तर संध्याकाळी माळावर पोहोचता यावं म्हणून.

माळावर तीस-पस्तीस पोरी जमायच्या. नियम एकच, आधी अभ्यास दाखवायचा, मग बॉलला पाय लावायचा. त्यांतल्या पाच राज्याच्या संघापर्यंत गेल्या, एक पोलिसात लागली, आणि कितीतरी आईबापांनी ठरलेली सोयरीक आपणहून पुढं ढकलली. पेरणीच्या आधी ह्याच पोरी घरोघरचं सोयाबीन आणून ओल्या गोणपाटात दाणे मोजून ठेवायच्या आणि किती उगवले ते त्या घरी जाऊन सांगायच्या. गावात दुबार पेरणी थांबली ती ह्या पोरींमुळं. परंड्याकडं पुराच्या पाण्यानं हाहाकार केला, तेव्हा जनावरांसाठी कडबा भरून ट्रक पाठवला, तोही ह्यांनीच.

हे सगळं एका रेघेनं चिरलं जाणार होतं.

जेवणं झाली. पुरणपोळीवर तूप पडलं, पण बोलणं काही गोड होईना.

"राजे," धुरपदाबाई म्हणाल्या, "तू कामून गप?"

"अण्णांनी न्यायानंच वाटलंय, आत्या. त्यात माझं बोलणं बरं दिसत नाही." राजेश्वरी शांतपणे म्हणाली. "पोरींना शाळेच्या अंगणात घेईन."

"त्या अंगणात? दोन ढांगा टाकल्या की भिंत लागती!" हे शंभूच म्हणाला आणि म्हटल्यावर स्वतःच ओशाळला. "आता बग, मी काय वैरी न्हाय. माझी शिवांजली बी तुझ्याच पोरींत हाय, गोलात उभी ऱ्हाती. पर रस्त्याची जागा म्हणजे रस्त्याची जागा. खेळण्यापायी कोण सोडतं का?"

"कुणीच सोडू नये, दादा. मी मागितली नाही."

तिनं मागितली नाही, हेच धुरपदाबाईंच्या काळजाला लागलं. ही पोरगी खांबांमध्ये उभी असली की समोरच्या अकरा जणींना जुमानत नाही, आणि घरातल्या चार माणसांपुढं मान खाली घालून बसते! का, तर पोरीच्या जातीनं जमिनीचं बोलू नये.

लक्ष्मीबाई ताट घेऊन आल्या. ताटात जांभळी साडी, खण, नारळ, हळदीकुंकू आणि बाजूला सहीचे कागद. "वन्सं, आधी सही करा, मंग ओटी भरते. मोजणीवाला यायच्या आत हून जाऊ द्या."

धुरपदाबाईंनी साडीकडं पाहिलं. रंग त्यांच्याच आवडीचा होता, वहिनीनं लक्षात ठेवून आणला होता. बेंबळीला लेकाच्या घरी त्यांना जेवायला वेळेवर मिळे, पण कुठला रंग आवडतो हे विचारणारं कुणी नव्हतं. पंचमीला भाऊ त्यांना आणायला मुराळी पाठवायचा, चार दिवस त्या इथं लेक होऊन राहायच्या. ते चार दिवस गेले तर वर्षात उरायचं काय? त्यांचा हात ताटापर्यंत गेला. तिथंच थांबला. मग त्यांनी ताट हळूच बाजूला सरकवलं.

"अण्णा, तुमची वाटणी चुकली."

ज्ञानोबांना कुणी लबाड म्हटलं असतं तरी इतकं लागलं नसतं. "चुकली? दोरीनं मोजलंय, धुरपे!"

"दोरी बराबर हाय. आपल्या बापाला लेकरं किती?"

"तीन."

"मंग वाटे दोन कसे?"

उमाबाईच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

"आत्या, तुमी कायद्यानं हिस्सा मागायलाव का?" शंभूनं विचारलं.

"व्हय, मागायले. पंधरा एकरांत पाच एकर माझं होतंय. पर मला पाच नगं. मला माळाचं दोन एकर पायजे, अख्खं, एका तुकड्यात. बाकीच्यावर आत्ता सही करते. उमाची काळी उमाला ऱ्हाऊ दे. तुला गोळाबेरीज येत आसंल तर बग, ह्यात तुझा फायदाच हाय."

शंभू मनातल्या मनात हिशोब करू लागला, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या.

"वन्सं, एक सांगते, राग मानू नका. हिस्सा घेतला की माहेर सरलं. मंग साडीचोळी न्हाय, मुराळी न्हाय. हिस्सेदारीण म्हून या, बांधाला उभ्या ऱ्हावा अन् जावा."

"आत्या, नको," राजेश्वरी पुढं झाली. "माझ्यापायी तुमचं माहेर नको तुटायला."

"तू गप बस!" धुरपदाबाई कडाडल्या. "तुझ्यापायी कोण म्हणतंय? म्या माझ्यापायी मागायले." मग त्या भावाकडं वळल्या. डोळे भरून आले होते, पण त्यांनी पुसले नाहीत. "अण्णा, मला जन्मभर लोकांनी नवऱ्याच्या नावानं वळखलं, मंग लेकांच्या नावानं. आता बेंबळीच्या बाजारात बाया म्हणत्यात, ही त्या गोलवाल्या डॉक्टरीणबाईची आत्या. भाजीवाली बसायला पोतं टाकती. माझ्या माहेरच्या पोरीच्या नावानं मला ह्या वयात इज्जत मिळाली हाय. ती दोरी धरून निम्मी करू देणार न्हाय. त्याच्यापायी माहेर तुटत आसंल तर तुटू द्या. म्या रडंन, पर सही करणार न्हाय."

ज्ञानोबांनी बाजूला ठेवलेली टोपी हातात घेतली.

"अन् तुमी?" त्या थांबायला तयार नव्हत्या. "मागल्या साली लोहाऱ्याला तहसिलीत गेलावता. साहेबानं उठून खुर्ची दिली, राजेश्वरी मॅडमचे चुलते का म्हून इचारलं. तुमी मला फोनवर तीनदा सांगितलंत. त्या खुर्चीचे कुणी दोन तुकडे केले आसते तर बसला आसता का?"

ज्ञानोबांनी टोपी डोक्यावर घातली आणि तडक बाहेर पडले. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "झालं! घातला बिब्बा." पण त्यांनी ताट उचलून आत नेलं नाही.

मोजणीवाला विरेश उमरग्याकडून येऊन माळावर वाट बघत होता. सगळे तिथंच गेले. ऊन कललं होतं, आणि शाळा सुटून पोरीही यायला लागल्या होत्या. घरात काय पेटलंय ह्याची त्यांना काय खबर? त्यांनी दप्तरं बांधावर टाकली आणि सराव सुरू केला. शंभूची शिवांजली हातमोजे चढवून अलीकडच्या गोलात उभी राहिली. दगडाकडं तिनं एकदा पाहिलं आणि त्याच्या पुढं सरकली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्ञानोबांनी पुतणीचे सत्कार पाहिले होते, पहिल्या रांगेत बसून हारही पाहिले होते, पण खेळ असा कधी पाहिला नव्हता. पोरी पळताना टक लावून काय बघायचं, असं त्यांना वाटायचं. आज पहिल्यांदा ते गोलाजवळ उभे होते.

एका पोरीनं बॉल मारला. तो खाली, कडेला आला. शिवांजलीनं सगळं अंग आडवं झोकून दिलं, बॉल छातीशी धरला आणि घरंगळत गेली. तिचं डोकं दगडापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

"अगं ए!" ज्ञानोबा ओरडले. शंभू तर दोन पावलं पुढं धावला.

पोरगी उठली, माती झटकली, हसली आणि बॉल परत फेकला.

"राजे," ज्ञानोबा पुतणीकडं वळून म्हणाले, "आसं आडवं पडावं लागतं?"

"हो, अण्णा. दोन्ही अंगाला."

"तू बी आशीच पडत हुतीस?"

"चौदा वर्षं."

ज्ञानोबांनी तिच्या खाली उतरलेल्या खांद्याकडं पाहिलं, वाकड्या बोटांकडं पाहिलं. जणू आजवर हारांखाली ते त्यांना दिसलेच नव्हते. "आमच्या बळीची पोरगी," ते पुटपुटले. मग धोतर खोचून ते गोलात शिरले आणि दगडाला हात घातला. स्वतःच रोवलेला दगड, चांगला खोल. तो हलेना. शंभू मुकाट्यानं पुढं आला, बापाच्या शेजारी वाकला, आणि दोघांनी मिळून तो उपसून काढला.

"धाब्याचं मग बगू," शंभू हात झटकत म्हणाला. "आत्याची परवानगी मिळाली तर कडंला चहाची टपरी टाकीन. सामने बघायला माणसं येत्यालच."

"चहा फुकट पाजणार आसशील तर टाक," धुरपदाबाई म्हणाल्या. उमाबाई पदर तोंडाला लावून हसली.

लक्ष्मीबाई मात्र अजून अढी धरून होत्या. ज्ञानोबा त्यांच्याकडं वळले. "पंचमीला मुराळी जाईल. हिस्सा तिच्या बापाचा हाय, मुराळी तिच्या भावाचा. ह्याचा त्याला काय संबंध?"

"म्या कुठं न्हाय म्हणले?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "साडी तशीच ताटात हाय. म्या काय माघारी दुकानात न्यायची का?"

विरेश एवढा वेळ कागद धरून ह्याच्या-त्याच्या तोंडाकडं बघत होता. "काका, नक्की किती हिस्से धरायचे?"

"तीन."

"तिसरं नाव काय लावू?"

ज्ञानोबा ताठ उभे राहिले. पलीकडं पोरींचा गलका चालला होता, म्हणून त्यांनी आवाज चढवला, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावा इतका.

"लिवा, धुरपदा दगडू बिराजदार!"

चौथीतून शाळा सुटली त्या दिवसापासून हजेरीतलं हे नाव कुणी पुरतं उच्चारलं नव्हतं. धुरपदाबाईंनी ते ऐकलं, त्यांची मान वर झाली, आणि कुणाला कळायच्या आत, त्यांना स्वतःलाही कळायच्या आत, त्या खणखणीत आवाजात म्हणून गेल्या,

"हजर!"